नांदेडची नावं संपली की

वैशाख लागला की इथं गुजरातेत, वापीतसुद्धा माझं तोंड कोरडं पडतं. इथं पाण्याला काही कमी नाही. नळ दोन वेळा येतो, गच्चीवर टाकी आहे, कारखान्यांच्या पलीकडून खाडीचा ओला वास येतो. तरी दुपारी बाराच्या पुढं हवा थांबली की मी उठते आणि माठाचं झाकण काढून आत बघते. सुनेला आता सवय झाली आहे. ती स्वयंपाकघरातूनच विचारते, "मम्मी, भरलेला आहे ना?" मी म्हणते, भरलेला आहे. आणि अर्ध्या तासानं पुन्हा बघते.

यंदा लेकानं मला रेडिओ आणून दिला. तळहातापेक्षा थोडा मोठा, वायर लावून चार्ज करायचा. त्यानं तो फ्रिजवर ठेवला, बटण दाबून दाखवलं आणि ड्यूटीवर गेला. मी तो खाली काढला. आधी उभा धरला, मग आडवा केला, मग ओट्यावर ठेवून हळूहळू फिरवायला लागले. थोडा फिरवायचा, थांबायचं, कान द्यायचा, पुन्हा थोडा फिरवायचा. नातू बघत होता. म्हणाला, "आजी, तो काय पंखा आहे फिरवायला?" मी म्हटलं, "परभणी कोणत्या अंगाला आहे ते बघते रे." त्याला परभणी माहीत नाही. आणि इथून परभणी लागत नाही, हे मलाही माहीत होतं. पण हातांना कोण सांगणार?

मी भित्री बाई आहे. गोष्ट ऐकताना पुढं कोणी मरतं का, ते आधी विचारून घेते. म्हणून तुम्हालाही ताटकळत ठेवत नाही. ज्या उन्हाळ्याचं सांगणार आहे त्यात कोणी गेलेलं नाही. माझी सुमनअक्का आज नातवंडांना ओरडत बिलोलीकडं सुखात आहे, आणि जी तेव्हा जन्माला आली ती आता माझ्याच फोनवर मला गोळ्या वेळेवर घ्यायला सांगते. पण त्या उन्हाळ्यात यातलं काहीच कोणाला ठाऊक नव्हतं.

तो उन्हाळा लातूर जिल्हा झाल्यानंतरचा. आमचं गाव जळकोटपासून दोन कोसांवर. तेव्हा जळकोट तालुका नव्हता, आम्ही उदगीर तालुक्यातले. आणि मला कळायला लागल्यापासून जिल्हा म्हणजे उस्मानाबाद. एका पावसाळ्यात कळलं की आता आपण लातूरचे. बा म्हणायचा, "जिल्हा जवळ आला अन् पाणी लांब गेलं." तो हे हसून म्हणायचा, पण त्या वर्षी ते खरंच होतं. पावसानं मधेच पाठ फिरवली. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. संक्रांतीला वस्तीतल्या विहिरीचा तळ दिसला, आणि तळाशी कधीतरी हरवलेली एक कळशी दिसली. ती कोणाची यावरून दोन बायकांचं दिवसभर भांडण झालं. कळशी वर काढली तर तिला बूड नव्हतं.

मी सातवी झाले होते. गावातली शाळा सातवीपर्यंतच. पुढं जळकोटला जायचं ठरलं होतं, पण माय आणि बा दोघंही रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायचे. मग घरी पाण्याच्या पाळीला कोण थांबणार? "एक वरीस थांब," माय म्हणाली. ते एक वर्ष अजून चालूच आहे. मला त्याचा राग नाही. मला जे लिहिता-बोलता येतं त्यातलं निम्मं सातवीपर्यंतचं आणि निम्मं त्या रेडिओतल्या बाईचं आहे. "श्रोतेहो" असं कोणी मला म्हणायचं, अहो-जाहो करून बोलायचं, हे मी पहिल्यांदा तिथंच ऐकलं. शेणाच्या पाट्या उचलता उचलता मी मनात तिच्यासारखं बोलून बघायचे. कोणी ऐकलं तर हसतील म्हणून ओठ हलू देत नसे.

रेडिओ आणला दाजींनी. सुमनअक्काचं लग्न आदल्या वर्षी झालेलं. सासर बिलोलीकडं, मांजरा नदीच्या काठाला. दाजी एसटीत कंडक्टर. परभणीच्या गाडीवर त्यांची ड्यूटी असायची. आणि दाजींना एकच वेड होतं, रेडिओवर फर्माईश पाठवायचं. पोस्टकार्डावर गाण्याचं नाव, खाली घरातल्या सगळ्यांची नावं, शेजाऱ्यांची नावं, डेपोतल्या मित्रांची नावं. कार्ड पोस्टात टाकायचे नाहीत. परभणीला गाडी उभी राहिली की पायी जाऊन रेडिओ केंद्राच्या पेटीत हातानं टाकून यायचे. चार-पाच दिवसांत नाव वाचलं जायचं. बा त्यांना चिडवायचा, "जावईबापू, तिकिटं कमी फाडता अन् कार्डं जास्ती लिहिता."

पौषात दाजी आले ते अक्काला न घेताच. हातात चामड्याच्या कव्हरातला रेडिओ, खांद्याला लटकवायचा पट्टा, पुढं बारीक भोकांची जाळी. दारातच जयभीम घालून त्यांनी तो मायच्या हातात दिला. मायनं तो तान्हं लेकरू धरावं तसा दोन्ही हातांनी धरला आणि विचारलं, "सुमन कुठं हाय?"

अक्का पहिलटकरीण होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं कोणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. पण दाजी म्हणाले, "मामी, तुमच्याकडं प्यायला पाणी न्हाई. बाळंतिणीला न् लेकराला न्हायला कुठून आणता? आमच्याकडं नदीत वाळू उकरली की झिरे लागायलेत. माझी आई हाय, दवाखाना हाय. तिकडंच होऊ द्या."

घरात तीन घागरी, त्यातली एक फुटकी. पण लेकीला माहेरी आणता येत नाही हे तिला लागलं. ती चुलीकडं तोंड करून म्हणाली, "मंग मला खबर कशी लागंल?"

"पत्र टाकतो की."

"कागदाचं नका सांगू मला."

हे दाजींना नवं होतं, आम्हाला नाही. मायची धाकटी बहीण बाळंतपणात गेली होती. तेव्हा पत्र आलं होतं, 'तब्येत जास्त आहे, लवकर निघा.' माय डिंकाचे लाडू बांधून निघाली. पोचली तर तिसरा दिवस झाला होता. पत्र लिहिलं तेव्हाच सगळं संपलेलं होतं. आमच्याकडची ती रीतच आहे. माणूस गेलं तरी पत्रात 'तब्येत जास्त आहे' असंच लिहितात, वाटेत कोणाचा जीव जाऊ नये म्हणून. आणि तार आली तर वाचायच्या आधीच गाव रडायला लागतं. ते लाडू मायनं परत आणले होते. तेव्हापासून कागदावर कोणी 'सर्व खुशाल' लिहिलं की तिला उलट घाम फुटायचा.

दाजींनी रेडिओकडं बोट केलं. "मंग हा सांगंल. लेकरू झालं की मी कार्ड टाकतो. सुमनचं नाव अन् लेकराचं, दोन्ही नावं येतील. बारसं झालेलं नसंल तर 'बाळ' म्हणून येईल. दोन्ही नावं आली की समजा, दोघं सुखरूप."

"त्या रेडिओतल्या बाईला काय पडलीय आमची?"

"तिला काय न्हाई पडली. कार्डावर हाय ते ती वाचती."

हे मायला पटलं. तेव्हा का पटलं ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी रेडिओ बसवला. आमचं गाव टेकडीच्या कुशीत, खोलगटात. दिवसा परभणी नुसती खरखरायची. ती बाई जणू ज्वारीच्या कडब्यातून चालत येऊन बोलते आहे असं वाटायचं. दाजींनी तांब्याची तार आणली होती. तिचे सात-आठ वेढे रेडिओच्या कव्हरावर दिले, एक टोक लिंबाच्या फांदीला उंच बांधलं, दुसरं टोक लोखंडी खिळ्याला गुंडाळून तो दाराशेजारी जमिनीत ठोकला. मग रेडिओ थोडा थोडा फिरवत गेले. एका जागी खरखर खाली बसली आणि बाई अशी बोलली की माय मागं सरकली. दाजींनी खडूनं फळीवर रेडिओच्या चार कोपऱ्यांच्या खुणा केल्या. "इथून हलवायचा न्हाई. अन् खिळ्याची जागा ओली राहिली पाहिजे. रोज तांब्याभर पाणी घालायचं."

माय म्हणाली, "माणसाला न्हाई अन् खिळ्याला?"

मार्ग बानं काढला. जेवण झालं की सगळ्यांनी त्या खिळ्यावर हात धुवायचे. पाहुणा आला तरी त्याला तिथंच नेऊन बसवायचा. शेजारची माणसं बघून हसायची. म्हणायची, यांच्या घरी खिळा उष्टं पाणी पितो अन् गाणं म्हणतो. मी भांडी विसळलेलं पाणीही तिथंच ओतायचे. संध्याकाळी सगळी वस्ती धुळीची झालेली असायची आणि आमच्या दाराशी तेवढी एक ओली, काळी, तळहाताएवढी जागा असायची. चिमण्या तिथं येऊन बसायच्या. त्या उन्हाळ्यातलं मला सगळ्यात जास्त काय आठवतं, तर त्या जागेचा वास. तापलेल्या मातीत थोडी हळद, थोडं तिखट, आणि गंजलेलं लोखंड.

फर्माईशीचा कार्यक्रम मंगळवारी दुपारी असायचा. तेव्हा माय आणि बा कामावर. ऐकायचा जिम्मा माझा. सेल तीन. ते कमजोर झाले की पत्र्यावर उन्हात ठेवायचे, मग आणखी थोडे चालायचे. सगळं जपून. माय जाताना रोज बजावायची, "नांदेडची नावं संपली की बंद कर." कारण बाई जिल्ह्याप्रमाणं नावं वाचायची. आधी परभणी, मग एक गाणं. मग नांदेड, मग एक गाणं. अक्काचं सासर नांदेड जिल्ह्यात. त्याच्या पुढचं आमच्या कामाचं नव्हतं. नांदेडचं गाणं संपलं की मी कान पिळून रेडिओ बंद करायचे आणि घागर घेऊन पळायचे.

नांदेडची गावं मला त्या वर्षी पाठ झाली. नायगाव, देगलूर, मुखेड, कंधार, धर्माबाद. कोण कोण माणसं त्या गावांत राहतात, कोणाच्या घरी किती लेकरं आहेत, कोण पिंटू, कोण बबली, सगळी माझ्या ओळखीची झाली. नायगावची एक म्हातारी दर मंगळवारी एकच गाणं मागायची. एका मंगळवारी तिचं नाव आलं नाही, तर मला दिवसभर चैन पडलं नाही. पुढच्या आठवड्यात आलं.

चैत्र गेला. दिवस भरून गेले असतील असा मायनं बोटांवर हिशोब केला. एक मंगळवार गेला. दुसरा गेला. माय कामावरून आली की पायरीशीच उभी राहून माझ्या तोंडाकडं बघायची. मी नाही म्हणून मान हलवायचे. ती हात धुवायची. धुतलेले हात ती पदराला पुसायची नाही, तसेच गळू द्यायची.

मग पत्र आलं. पोस्टमन बाजाराच्या दिवशीच यायचा. मी वाचून दाखवलं. 'सुमन बाळंत झाली. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. काळजी नसावी.' मी आनंदानं वर बघितलं, तर मायचा चेहरा पांढरा पडलेला.

"अक्षर कोणाचं हाय?"

"दाजींचं न्हाई वाटत. त्यांच्या भावाचं असंल."

"कधी लिव्हलंय?"

मी तारीख वाचली. पंधरा दिवस झाले होते.

"मंग रेडिओत का न्हाई आलं?" माय म्हणाली. "हातानं कार्ड टाकणारा माणूस. पंधरा दिसांत एक कार्ड टाकणं झालं न्हाई त्याला? अन् पत्र भावाच्या हातानं?"

बानं समजावलं, "अगं, लिव्हलंय ना दोघी सुखरूप."

"माझ्या बहिणीच्या टायमाला बी लिव्हलंच होतं."

त्या रात्री आमच्याकडं कोणी नीट जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी माय कामावर गेली आणि खडी फोडताना हातोडा अंगठ्यावर मारून घेतला. ती रडली नाही. चिंधी बांधून पुन्हा बसली, असं बा सांगत होता. मला वाटायला लागलं की चूक माझीच आहे. मी पाण्याला पळाले तेव्हा नाव आलं असेल, किंवा खिळा सुकला असेल, किंवा मी रेडिओ खुणेवरून बोटभर हलवला असेल. तिसऱ्या मंगळवारी मी दोन तांबे चांगलं, पिण्याचं पाणी खिळ्याला ओतलं. कोणाला सांगितलं नाही. नांदेडची नावं आली, गाणं झालं. अक्का नव्हती. मी बंद केला.

बुधवारी टँकर आला. टँकर गावच्या विहिरीत पाणी ओतायचा. गावातल्या बायका एका अंगानं ओढायच्या, आम्ही वस्तीतल्या दुसऱ्या अंगानं. तसं कोणी लिहून ठेवलं नव्हतं, पण तसंच होतं. पलीकडच्या अंगाला शेवंताकाकू होती. गावात त्यांची वीस एकर जमीन, तीही त्या वर्षी फुफाटाच. तिच्या घरी मोठा रेडिओ होता, विजेवरचा. कळशी वर घेता घेता ती मला म्हणाली, "काय गं, आता रेडिओत बोलायला लागलात व्हय तुम्ही?"

मला वाटलं, टोमणा मारते आहे. मी दोर ओढत राहिले.

"दोन आठवड्यांखाली तुझ्या मायचं नाव आलं, तुझं बी. गयाबाई, शकुंतला, सुमन. आमची सासू म्हणती, आपल्या गावाचं नाव यायलंय, आवाज वाढवा."

"नांदेडमधी?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"नांदेडात कशाला येईल? लातूरमधी. शेवटाला वाचतात लातूर." आणि मग ती हसली. "आगं पोरी, आपण लातूर झालो न्हाई का?"

दोर माझ्या हातातून सुटला. घागर आत गेली. मी तशीच घराकडं पळाले. माय त्या दिवशी अंगठ्यामुळं घरी होती. मी धापा टाकत सांगितलं. ती उठली नाही. म्हणाली, "तू मला बरं वाटावं म्हणून सांगायलीस."

थोड्या वेळानं शेवंताकाकू माझी घागर घेऊन आमच्या दारात आली. विहिरीतून काढून, भरून आणली होती. इतक्या वर्षांत ती आमच्या वस्तीत पहिल्यांदा आली होती. उंबऱ्याशी थांबली. मायनं आत ये म्हटलं नाही, काकूनं विचारलं नाही. दोघींना त्याची रीत माहीत नव्हती. मग काकू तिथंच पायरीवर टेकली आणि मायनं तिची उलटतपासणी सुरू केली.

"बाई काय म्हणली? जसंच्या तसं सांगा."

"लातूर जिल्हा म्हणली. मंग आपल्या गावाचं नाव. मंग गयाबाई, शकुंतला, सुमन अन् सुमनची नवी लेक."

"सुमन आधी म्हणली?"

"आधी सुमन, मंग नवी लेक."

"लेक म्हणली? नुसतं बाळ न्हाई?"

"लेक म्हणली. तिथंच आमची सासू म्हणली, पोरगीच झाली म्हणा."

"अन् मंग?"

"मंग गाणं लागलं की ओ. रडकं न्हवतं."

मायनं डोळे मिटले. मग तिनं काकूला पाणी दिलं. काकूनं तांब्याकडं बघितलं, मायकडं बघितलं, आणि घोटभर पिऊन उठली. जाताना म्हणाली, "माझं बी पहिलं बाळंतपण सासरीच झालं होतं. काय होत न्हाई."

संध्याकाळी बानं विचारलं, "पत्रावर इस्वास न्हाई, पोरीवर न्हाई, मंग शेवंताबाईवर कसा बसला?" माय भाकरी थापत होती, अंगठा वर धरून. म्हणाली, "आपली माणसं खोटं बोलतात, जीव लावतात म्हणून. तिला माझी काय पडलीय? ती कशाला खोटं बोलंल?"

एवढ्या वर्षांत मी हे वाक्य किती वेळा उलटून बघितलं असेल. इथं आल्यावर पहिली काही वर्षं मीही मायला 'खुशाल आहे' असंच लिहायचे. कावीळ झाली होती तेव्हासुद्धा. ती ते पत्र कोणाकडून वाचून घेऊन काय करत असेल, हे मला माहीत असूनही. आता लेक सासरहून फोनवर म्हणते, "सगळं ठीक आहे ग आई," तेव्हा मी तिच्या आवाजामागं भांड्यांचा आवाज येतो का ते ऐकते. भांडी वाजत असली म्हणजे घर चालू आहे. माणसाच्या शब्दाला मायेचा मुलामा असतो. भांड्याला नसतो. रेडिओतल्या त्या बाईलाही नव्हता. म्हणून तर माय तिच्या तोंडून ऐकायला बसली होती. आणि शेवटी सांगायला आली ती पायरीवर टेकलेली शेवंताकाकू. तिचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. आता ती नाही. म्हणून लिहिते.

आठ दिवसांनी माय आणि मी बिलोलीला गेलो. दाजींनी आम्हाला फाट्यावर उतरवून घेतलं आणि मी भांडायच्या आधीच हात जोडले. "मामीचं नाव लिहायचं तर मामीचा जिल्हा नको का? अन् नवा जिल्हा, शकू. तिकडून कार्डंच येत न्हाईत कोणाची. टाकलं की नंबर लागतो. नांदेडात टाकलं असतं तर आखाड उजाडला असता." पत्र भावाच्या हातानं का, तर ते स्वतः ड्यूटीवर होते, परभणीला, ते कार्ड टाकायला. आणि हे सगळं ते ऐटीत सांगत होते.

अक्का खाटेवर बसली होती. भिंतीला टेकून, एक हात खाली टेकवून, सावकाश. लेकरू लाल, सुरकुतलेलं, मुठी आवळलेलं. मायनं ते घेतलं, हुंगलं, मांडीवर ठेवलं, आणि मग मान वर न करता विचारलं, "लई तरास झाला का गं?"

"न्हाई माय," अक्का म्हणाली. "सकाळी दुखाय लागलं, दुपारी मोकळी झाले."

अक्काच्या मागं तिची सासू उभी होती. तिनं माझ्याकडं बघून, पदराआडून दोन बोटं वर केली. दोन दिवस. मायनं ती बोटं बघितली. मी बघितलं की तिनं बघितली. तिनं अक्काच्या डोळ्यांखालचं काळं बघितलं, कोरडे ओठ बघितले, आणि म्हणाली, "हाव. माझ्या लेकीला सोपंच गेलं."

मग तिनं दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागून घेतली, आणि लेकराशेजारी भुईवर आडवी झाली. बाहेर ऊन रणरणत होतं. दिवसा झोपलेली माय मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.